गंधकाचा पेला

१

चोराने चांदीचे चार पेले नेले आणि त्यांच्या जागी चार काळेकुट्ट पेले ठेवले, असं प्रथिनसंस्थेच्या संचालकांनी आमच्या विमा कंपनीला कळवलं होतं. नकली पेले करायची एवढी मेहनत घेणारा माणूस ते लांबूनही ओळखू येतील असे काळे कशाला करील, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. प्रश्न पडणं हे संचालकांचं काम नसतं. ते उत्तरं देतात.

मी विमा कंपनीसाठी दावे तपासते. रसायनशास्त्र शिकले आहे. पुढे संशोधनात गेले नाही, त्यामुळे थोडीफार अक्कल शाबूत राहिली आहे.

संस्थेचं मोठं सभागृह पाहण्यासारखं होतं. उंच खिडक्या, वर्षानुवर्षं पॉलिश केलेली जमीन आणि भिंतीवर रांगेने माजी संचालक. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, की फोटो काढणाऱ्याने आपल्याला फार वेळ थांबवलं. समोरच्या भिंतीला, दुपारचं ऊन थेट पडेल अशा जागी, लाकूड आणि काचेचं घट्ट बंद होणारं कपाट होतं. आत हिरव्या कापडाच्या पाच पायऱ्या, आणि त्यांवर पाच पेले. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन आणि गंधक. प्रथिनं मुख्यतः या पाच मूलद्रव्यांची बनतात, म्हणून संस्थापकांनी चांदीचे पाच पेले करून घेतले होते. दरवर्षी पाच संशोधकांना ते बक्षीस मिळत. पेल्यावर आधीच्या नावाखाली नवं नाव कोरायचं, हवा तर त्या माणसाने पेला वर्षभर घरी न्यायचा, नाहीतर तो कपाटातच राहायचा, आणि नेलेला पेला पुढच्या वर्धापनदिनी संस्थेत परत यायचा.

पहिले चार पेले जळक्या कढईच्या बुडासारखे झाले होते. पाचवा, गंधकाचा, लखलखत होता.

"बघा," संचालक म्हणाले, "हा एकच खरा राहिला. चोराला तेवढा वेळ मिळाला नसणार."

"आणि बाकीचे काळे का?"

"हलका धातू. हलक्या धातूचं असंच होतं." आपल्या बोलण्यावर ते स्वतःच मान डोलावत होते. "सुट्ट्या संपल्यावर मी स्वतः पाहिलं आणि तत्क्षणी कपाटाला सील केलं. कल्पना माझीच."

कपाटाच्या दारावर कागदाची पट्टी होती आणि तिच्यावर संचालकांची सही तीनदा केलेली होती.

"चोर कोण, तेही ठरलंय," ते पुढे म्हणाले. "कपाटाची चावी ज्याच्याकडे असते तो. सभागृहाची देखरेख करणारा. मागच्या दोन खोल्या आठवडाअखेर रिकाम्या कर म्हणून सांगितलंय त्याला. पोलिसांकडे नंतर जाऊ. आधी तुमच्या कंपनीने पैसे द्यावेत."

मी पट्टी काढायला लावली. तीनतीन सह्या वाया जाताना पाहून त्यांना मनापासून दुःख झालं. दार उघडून मी आत डोकं घातलं. ओल्या स्वेटरचा वास आला. चार काळ्या पेल्यांकडे मी बराच वेळ पाहिलं, मग पाचवा हातात घेतला. त्याच्यावर नावांची रांग होती, सगळी पांढऱ्या धातूत पांढरी. फक्त सगळ्यात खालचं नाव पिवळं होतं.

२

ज्याला चोर ठरवलं होतं त्याला सगळी संस्था काका म्हणत होती. मी गेले तेव्हा काका पत्र्याच्या ट्रंकेत भांडी भरत होते. पोटाचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते. वाकताना एक हात पोटावर जात होता. सामान म्हणावं असं दोन खोल्यांत काही नव्हतं, तरी ते आवरता आवरत नव्हतं, कारण ते एकेक वस्तू भरून पुन्हा बाहेर काढत होते.

"बसा ताई. खुर्ची अजून बांधलेली नाही."

"पेले तुम्हीच पुसायचात?"

"मीच. रोज. पण यंदा सुट्ट्या लागल्या आणि मी दवाखान्यात पडलो. तेवढे दिवस कोणी पुसले नाहीत. आल्यावर बघतो तर हे असं. पुसून बघू का म्हणालो, तर साहेब ओरडले, पुराव्याला हात लावू नकोस म्हणून."

"पूर्वी पुसताना कधी काळे दिसायचे?"

"थोडेसे. फडकं काळं व्हायचं, पेला पांढरा. गंधकाच्या पेल्याचं मात्र फडकं काळं होत नाही." त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा रंग आला. "माझ्या मुलीचं नाव आहे ना त्याच्यावर. शेवटचं. इथेच शिकली ती. मी म्हणायचो, पोरीच्या नावाचा गुण आहे."

"तिचं नाव पिवळं आहे."

"सोन्याने भरलंय!" काका म्हणाले. "बाकी कोणाचंच नाही भरलेलं. नोकरीसाठी ती लांब गेली. पेला घरी न्यायचा मान होता, पण ती म्हणाली, बाबा, इथेच राहू दे, तुम्ही रोज बघाल."

"तिच्या आधीही त्या पेल्याने फडकं काळं व्हायचं नाही?"

"छे, तेव्हा तर तोच सगळ्यांत काळा! अंडं ठेवायचे ना त्यात."

मी विचारलं, कसलं अंडं? काकांनी सांगितलं ते असं. वर्धापनदिनाला संस्थापक एक उकडलेलं अंडं गरमगरम कुस्करून गंधकाच्या पेल्यात ठेवायचे. पुढची भाषणं होईपर्यंत पेल्याला आतून काळा डाग धरायचा. मग ते पेला उंच धरून सगळ्यांना दाखवायचे: हे बघा, प्रथिनांत गंधक असतं, डोळ्यांनी बघा. ते गेल्यावरही ही रीत चालू राहिली होती.

"मग बंद का झाली?"

"मोठ्या लोकांचं आपल्याला काय कळतं. माझ्या पोरीला बक्षीस मिळालं त्याच वर्षी बंद झाली. मी कँटीनमधून अंडं उकडून आणलं होतं. तसंच परत नेलं."

मुलीला हे सगळं कळवलं का, असं विचारल्यावर ते ट्रंकेकडे वळले.

"नाही. आणि तुम्हीही कळवू नका, ताई. नवी नोकरी आहे तिची. बाप चोर म्हणून घराबाहेर काढला, हे तिने कोणत्या तोंडाने सांगायचं? घर गेलं तर जाऊ दे. तिला मान खाली घालायला लागू नये, एवढंच."

मला राग आला. संस्थेत येऊन तासही झाला नव्हता आणि मला तिच्या भिंतीवरच्या प्रत्येक फोटोचा राग आला.

"काका, तुम्ही दवाखान्यात असताना चावी कोणाकडे होती?"

"एक साहेबांकडे असतेच. माझी बाईसाहेबांनी मागून नेली होती. संचालकांच्या मिसेसनी."

३

बाईसाहेबांनी मला चहा दिला आणि कपाटाची कथा ऐकवली. चहा बरा होता.

"किती जुनाट दिसत होतं हो आत! सुती कापड, तेही उन्हाने विटलेलं. ह्यांना म्हटलं, सुट्टीत मी बदलून घेते. तुमच्या शास्त्रज्ञांना सौंदर्यदृष्टी म्हणून नाहीच."

"कापडाची निवड तुमची?"

"रंग माझा. पण बनात हवी, ही कल्पना ह्यांची."

"संपूर्णपणे माझी," बाजूच्या खुर्चीतून संचालक म्हणाले. "शुद्ध लोकरीची बनात. मी म्हटलं, आपल्याकडे सिंथेटिक वगैरे चालणार नाही. दर्जा म्हणजे दर्जा."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. गृहस्थ गंभीर होते. प्रथिनांच्या संस्थेचे प्रमुख, नावापुढे पदव्यांची शेपटी, आणि वर हा अभिमान. मला हसू आवरेना म्हणून मी कपात तोंड घातलं.

"मला त्या बनातीचा एक धागा मिळेल?"

"कशाला?"

"आठवण म्हणून."

बाईसाहेबांनी खूश होऊन उरलेला तुकडाच आणून दिला. मग मी अंड्याबद्दल विचारलं. संचालकांनी नाक मुरडलं.

"मी बंद केलं ते! देशोदेशीचे पाहुणे समोर बसलेले, आणि आपण व्यासपीठावर अंडं कुस्करतोय. संशोधन संस्था आहे की नाश्त्याची टपरी? एका फटक्यात बंद केलं."

"तुम्हाला स्वतःला सुचलं?"

"मग काय दुसऱ्याला सुचणार? इथे सगळं मलाच सुचावं लागतं."

यावर माझा विश्वास बसला नाही. त्यांना काही सुचत असेल अशी लक्षणं मला सकाळपासून दिसली नव्हती. पण जो माणूस गुन्हाही स्वतःच्या नावावर घ्यायला एवढा उतावीळ आहे, त्याला तिथल्या तिथे खोटं पाडण्यात मजा नसते. मी निघताना बाईसाहेब म्हणाल्या, "माझ्या दादाला भेटा. ह्यांचा उपसंचालक आहे तो. गंधकातलं त्याच्याइतकं कोणालाच कळत नाही."

४

उपसंचालकांना संस्थेत गंधकपंडित म्हणत होते, आणि त्यांना ते आवडत होतं. त्यांच्या पाठीमागे त्यांनीच लिहिलेल्या पुस्तकांची एक फळी होती, आणि प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर गंधक हा शब्द होता. प्रथिनांच्या साखळ्या गंधकाच्या टाक्यांनी एकमेकींना कशा शिवलेल्या असतात, यावर या माणसाने सारी हयात काढली होती. इतक्या वेळात मला भेटलेला हा पहिलाच हुशार माणूस. माझी अपेक्षा वाढली.

"बिचारा म्हातारा," ते म्हणाले. "मला वाईट वाटतं. पण माणसाला मोह होतो."

"चांदी काळी का पडते हो, सर?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग ते बोलायला लागले आणि छान बोलले. हवेतला दमटपणा, हातांचा घाम, सोनारांच्या भेसळी, मुलाम्याचे प्रकार, धातूंचा इतिहास. शेवटी म्हणाले की खरी चांदी सुट्टीभरात एवढी काळी पडणं अशक्य, तेव्हा ते चार पेले नकलीच असणार.

मी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या पाठीमागे फळीभर गंधक होतं, आणि एवढ्या लांब व्याख्यानात तो शब्द त्यांच्या तोंडून एकदाही आला नव्हता.

"गंधकाचा पेला तुमच्याकडेही होता ना?"

"होता. वर्षभर. मग माझ्या नावाखाली त्या… मुलीचं नाव आलं."

"कोणत्या मुलीचं?"

"झाडलोट करणाऱ्याची मुलगी," ते म्हणाले, आणि हसले. ते हसणं पाहिल्यावर मला त्यांना आणखी काही विचारायची गरज उरली नाही.

मी खाली कँटीनमध्ये गेले आणि दोन अंडी उकडायला सांगितली.

"कडक की मऊ?" कँटीनवाल्याने विचारलं.

"कडक. अगदी कडक. आणि संचालकांना निरोप द्या, सगळ्यांना घेऊन सभागृहात या म्हणावं. चोर सापडलाय."

५

सगळे आले. संचालक पुढच्या खुर्चीत, शेजारी बाईसाहेब, त्यांच्या पलीकडे उपसंचालक. काका दाराशी उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

मी नायट्रोजनचा काळा पेला घेतला, काकांचं फडकं आणि पॉलिश मागून घेतलं आणि घासायला लागले. फडकं काळं झालं. काळ्याखालून पांढरी चांदी वर आली, आणि बुडाशी सोनाराचा जुना शिक्का.

"म्हणजे… हा खरा?" संचालक म्हणाले.

"चारही खरे. कोणीही चोरलेले नाहीत. तुम्ही पुसू दिले असते तर तुम्हालाही दिसलं असतं."

"मग काळे कशाने झाले?"

मी बनातीचा एक धागा ओढून काढला आणि काडी लावली. धागा आकसला आणि सभागृहात केस जळल्याचा वास पसरला. बाईसाहेबांनी पदर नाकाला लावला.

"तुमच्या दर्जाने झाले," मी म्हणाले. "केस, नखं, पिसं, लोकर ही सगळी प्रथिनं आहेत, हे इथे कोणाला सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं. लोकरीत गंधक भरपूर असतं. ती बंद कपाटात, उन्हात ठेवली की ते हळूहळू बाहेर पडतं आणि शेजारच्या चांदीला धरतं. तुम्ही चांदी गंधकात गुंडाळून ठेवलीत आणि वर पुसणाऱ्याला हात लावू दिला नाहीत. संस्थापक दरवर्षी एक अंडं घेऊन हेच शिकवत होते. ते तुम्ही नाश्त्याच्या टपरीवर धाडलंत."

संचालक बनातीकडे पाहत राहिले.

"मग चोरी झालीच नाही तर," उपसंचालक उठत म्हणाले. "उत्तम. काका, तुमचं अभिनंदन."

"बसा. अंडी गरम आहेत तोवर आटपू या."

घासलेल्या नायट्रोजनच्या पेल्यात मी एक अंडं कुस्करलं, गंधकाच्या पेल्यात दुसरं. मग आम्ही थांबलो. संचालक घड्याळ पाहत होते, बाईसाहेब भावाकडे पाहत होत्या, आणि भाऊ कुठेच पाहत नव्हता. पुरेसा वेळ गेल्यावर मी दोन्ही पेले रिकामे करून पुसले. नायट्रोजनच्या पेल्याला आतून तपकिरी काळा डाग धरला होता. गंधकाचा पेला होता तसाच चकचकीत.

"लोकरीने काळा पडला नाही, अंड्याने पडला नाही, आणि काकांचं फडकंही याच्यावर काळं होत नाही. हा चांदीचा नाही. पितळेवर क्रोमचा मुलामा आहे. तुम्ही ज्याला एकमेव खरा म्हणत होता, तोच एकटा खोटा आहे."

काका दारातून एक पाऊल पुढे आले.

"आता नावं बघा. वरची सगळी नावं पांढरी, कारण ती आधी कोरली आणि मुलामा नंतर चढवला. शेवटचं नाव मुलाम्यावर कोरलं, म्हणून खालचं पितळ दिसतंय. ते सोनं नाही, काका." त्यांच्याकडे न बघता मी हे म्हणाले. "म्हणजे नक्कल झाली ती शेवटून दुसरं नाव कोरल्यानंतर आणि शेवटचं नाव कोरण्याआधी. तेवढं वर्षभर पेला एकाच घरात होता."

शेवटून दुसरं नाव वाचायची गरज नव्हती. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या होत्या.

"हा तर्क आहे," उपसंचालक शांतपणे म्हणाले. "नकली पेला अंड्याने उघडा पडला असता, बरोबर? मग अंडं बंद कोणी केलं ते विचारा. मी नाही केलं. संचालकांनी केलं, आणि ते सगळ्यांना सांगत फिरतात."

मी संचालकांकडे वळले. "मुद्दा बिनतोड आहे, सर. ज्याने अंडं बंद केलं त्यालाच अंड्याची भीती होती. तुम्ही मला म्हणालात, दुसऱ्या कोणाला सुचणार?"

संचालकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एका बाजूला चोरीचा आळ, दुसऱ्या बाजूला एक कल्पना आपली नव्हती ही कबुली. ते खरोखर विचारात पडले. मी माणसं पुष्कळ पाहिली आहेत, पण एवढा वेळ घेणारा पाहिला नव्हता.

"अहो, ती कल्पना माझी नव्हती!" शेवटी ते ओरडले. "याची होती! हाच माझ्या मागे लागला होता, पाहुणे हसतील म्हणून! त्या वर्षी पेला कोरायलाही हाच घेऊन गेला होता!"

"दादा!" बाईसाहेब म्हणाल्या.

६

खरा पेला उपसंचालकांच्या दिवाणखान्यात सापडला. त्याच्यासाठी काचेचा वेगळा कोनाडा होता आणि आत छोटा दिवा. नावांच्या रांगेत त्यांचं नाव शेवटचं होतं आणि खाली बोटभर जागा कोरी. त्यांना चांदी नको होती. त्या कोऱ्या जागेत झाडलोट करणाऱ्याच्या मुलीचं नाव यायला नको होतं, बस्स.

संचालकांचा मला राग येत नाही. त्या माणसावर राग काढणं म्हणजे श्रम वाया घालवणं. लोकर म्हणजे काय हे त्यांना आठवलं नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. उपसंचालकांना ते कपाट पाहताक्षणी कळलं होतं. एका म्हाताऱ्याचं घर आणि अब्रू वाचवायला त्यांनी नुसतं 'लोकर' म्हटलं असतं तरी पुरे होतं. ते बोलले नाहीत. वर त्यांनी मला वाईट वाटतं म्हणून सांगितलं. मी त्यांचं एक पुस्तक पूर्वी आवडीने वाचलं होतं. आता ते रद्दीत दिलं आहे.

विम्याचा दावा अर्थातच फेटाळला. काकांच्या खोल्या राहिल्या, आणि त्यांची माफी मागणारं एक परिपत्रकही निघालं, ज्यात माफी हा शब्द सोडून सगळं होतं. मी निरोप घ्यायला गेले तेव्हा ट्रंक पलंगाखाली गेली होती, पण काका आनंदात दिसले नाहीत. नकली पेला त्यांच्या मांडीवर होता.

"पितळ होतं म्हणजे," ते म्हणाले. "आणि मी रोज पुसत होतो, ताई. रोज. पोरीला फोटो काढून पाठवायचो, बघ, तुझं नाव सोन्याचं आहे."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.

वर्धापनदिनाला मला बोलावणं होतं, पण मी गेले नाही. अंड्याची रीत पुन्हा सुरू झाल्याचं कळलं, आणि ही कल्पना संपूर्णपणे आपलीच असल्याचं संचालकांनी भाषणात तीनदा सांगितल्याचंही कळलं. काकांची मुलगी आली होती. तिने सगळ्यांसमोर अंडं स्वतः कुस्करलं.

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. खऱ्या पेल्यावर तिचं नाव कोरून झालं होतं, उपसंचालकांच्या बरोब्बर खाली, आणि ते त्यानंतर पहिल्यांदाच तो पेला पुसून आले होते.

"ताई," ते म्हणाले, "फडकं काळं झालं."